पाच नवी चित्रं, आणि ती कुठून आली

गेल्या आषाढापासून यंदाच्या शिमग्यापर्यंत माझ्या हातून तेवीस चित्रं झाली. त्यातली पाच मी भिंतीवर लावली. उरलेल्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर माझ्या वर्गातली मुलं सध्या वॉशचा, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर पसरवण्याचा, सराव करतात. भिंतीवरची पाच बघायला जे येतात, त्यात बारावीनंतर कलेकडे वळू बघणारी मुलं असतात, नोकरी सांभाळून रविवारी ब्रश हातात घेणारी माणसंही असतात. सगळे शेवटी एकच विचारतात, "मॅडम, हे सुचतं कसं?" उभ्याउभ्या उत्तर देताना निम्मं राहून जातं. म्हणून एकदा नीट लिहायला बसले.

मी कोल्हापूरची. शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या घाटापासून चालत दहा मिनिटांवर माझं लहानपण गेलं. एकोणीस वर्षं जलरंगात काम करते आहे. सुरुवातीची सहा-सात वर्षं मला वाटायचं की चित्राचा विषय लांब कुठेतरी असतो, तिकीट काढून तिथे जायचं असतं. पैसे साठवून बनारसला गेले, बारा दिवसांत बारा चित्रं केली. परत आल्यावर आमच्या सरांपुढे ओळीनं मांडली. त्यांनी सगळी शांतपणे बघितली आणि विचारलं, "यातलं तुझं कुठलं?" मला एकही दाखवता येईना. घाट, छत्र्या, होड्या, सगळं जागच्या जागी होतं, पण आधी कुणाच्या तरी चित्रात बघितलेलंच मी पुन्हा काढून आणलं होतं. बनारसमध्ये ज्याचं आयुष्य गेलं त्याला तिथलं दिसेल. मला बारा दिवसांत काय दिसणार होतं?

ही पाचही चित्रं माझ्या घरापासून दहा किलोमीटरच्या आतली आहेत.

पहिलं गुऱ्हाळाचं. करवीर तालुक्यात ओळखीच्या एका शेतकऱ्याचं गुऱ्हाळ आहे, दिवाळी झाली की सुरू होतं. चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर काहिलीत उकळणारा रस, आणि पार पत्र्यापर्यंत वाफ. पहिल्या दिवशी मी फळी, कागद, पाण्याचा डबा असा सगळा संसार घेऊन कोपऱ्यात बसले. गुळव्या मामा मळी काढता काढता माझ्याकडे बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "काढा की ओ ताई, पण वाफ कशी काढणार? ती काय एका जागी थांबतीया व्हय?"

त्या प्रश्नावर माझे सहा दिवस गेले. जलरंगात पांढरा रंग हा कागदाचा असतो. ट्यूबमध्ये पांढरा मिळतो, पण तो वरून थापला की खडूसारखा दिसतो आणि चित्राचा श्वास कोंडतो. म्हणजे वाफ रंगवायची नसते, तिची जागा सोडायची असते. आणि कुठे सोडायची हे ब्रश भिजवण्याआधी ठरवावं लागतं. त्या दिवशी मी काही न ठरवता बसले होते. शिवाय तिथल्या हवेतच इतका ओलावा की वीस मिनिटांनंतरही पहिला वॉश चकाकत होता. त्यावर दुसरा थर दिला तो पसरत पसरत काहिलीत शिरला. कागद वाया गेला.

दुसऱ्या दिवसापासून रंग घरी ठेवले. फक्त वही आणि ६बी पेन्सिल. आणि बघायला लागल्यावर एक गोष्ट दिसली जी मी जन्मभर बघून न बघितल्यासारखी केली होती. काजळी धरलेल्या भिंतीपुढे वाफ पांढरी दिसते. तीच वाफ वर सरकून उघड्या दाराच्या उजेडापुढे आली की करडी, थोडी मळकी दिसते. पांढरी वाफ म्हणून काही नसतंच. तिच्या मागे काय आहे त्यावर तिचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, ठरतो. हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं फळ्यावर सांगत आले होते, पण तेव्हा ते मला डोळ्यांनी पटलं.

मग घरी तीन छोट्या चाचण्या केल्या आणि चौथ्यांदा अर्ध्या शीटवर, १५ बाय २२ इंचात, चित्र झालं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून दाट काळपट रंग केला. वाफेची जागा आधी स्वच्छ पाण्यानं भिजवून घेतली आणि काळपट रंग त्या ओल्या कडेपर्यंत नेऊन सोडून दिला. कड आपोआप विरघळली. गुळाचा रंग रॉ सिएनाचा, त्यात जरासा बर्न्ट सिएना. तो मात्र एकाच हातात लावायचा, परत ब्रश फिरवायचा नाही, नाहीतर झळाळी जाते. मामांना मोबाइलवर फोटो दाखवला. बराच वेळ निरखून म्हणाले, "आदण उतरायला आलंय बघा." रस कितपत आटलाय हे त्यांना रंगावरून कळलं! त्या एका वाक्यासाठी मी अजून सहा दिवस गेले असते.

नवीन मुलांना यातलं एवढं उचलता येईल: जागेवर पहिल्या दिवशी रंग काढू नका. तळहाताएवढ्या पाच-सहा चौकटी आखा आणि त्यात फक्त तीन टोन भरा, कोरा, मधला, गडद. त्या चौकटीत चित्र उभं राहत नसेल तर मोठ्या कागदावर ते रंगानं उभं राहणार नाही.

दुसरं चित्र तालमीचं. तालमीत बाईमाणसानं आत जायचं नाही हा जुना रिवाज, मला माहीत होता. वस्तादांना जाऊन सरळ विचारलं. त्यांनी विचार करून दारात बसायची परवानगी दिली, उंबऱ्याच्या बाहेर. मला आत जायचं होतं, हे लपवत नाही. पण दारातूनच चित्राची चौकट मिळाली. दोन्ही बाजूंना दाराचा काळोख, मधे हौद्यातली तांबडी माती, आणि वरच्या झरोक्यातून तिच्यावर पडलेला उजेडाचा एक तुकडा. पैलवान एकच आहे, पाठमोरा, माती उकरणारा. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या त्या मातीला जो वास असतो तो कागदावर येत नाही, पण तिचा ओलसर जडपणा यावा म्हणून मी धडपडले.

ते साधलं असेल तर रंगांमुळे. लाइट रेड, बर्न्ट सिएना, यलो ऑकर हे मुळात मातीचेच रंग आहेत. त्यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, आणि आपली तांबडी माती तांबडी असते तीही त्यामुळेच. रॉ सिएना भाजली की बर्न्ट सिएना होते, चुलीजवळची माती लाल पडते तशी. ट्यूबवरची नावं पाठ करण्याआधी प्रत्येक रंग कशापासून बनतो, पाण्यात तरंगत राहतो की तळाला बसतो, पारदर्शक आहे की झाकणारा, हे एकदा करून बघा. कागदाच्या पट्टीवर प्रत्येक रंग दाट ते फिका असा ओढा आणि खाली नाव लिहा. माझ्या पहिल्या पट्ट्या अजून माझ्याकडे आहेत, अडलं की काढते.

साहित्याचं विचारलं जातं, ते इथेच सांगून टाकते. मुलं महागडे रंग घेतात आणि स्वस्त कागद. याच्या उलट करा. कागद कॉटनचा, जाड, ३०० जीएसएमचा घ्या. पातळ कागद पाणी पडलं की पापडासारखा फुगतो, खळग्यात रंग साचतो, आणि मुलाला वाटतं आपलाच हात वाईट. एक पूर्ण शीट २२ बाय ३० इंचांची असते, तिचे चार तुकडे करा, दोन्ही बाजू वापरा. म्हणजे आठ चित्रं. रंग कॅम्लिनचे आर्टिस्ट दर्जाचे चालतात, मी स्वतः कित्येक वर्षं तेच वापरले. आठ ट्यूब पुरतात: अल्ट्रामरीन, कोबाल्ट, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, अॅलिझरीन क्रिम्झन, एक लेमन यलो आणि एक हिरवा. काळा नको. ब्रश तीन: भरपूर पाणी धरणारा एक मोठा मॉप, एक गोल आठ किंवा दहा नंबरचा, आणि तारा-फांद्यांसाठी लांब, बारीक केसांचा रिगर.

तिसऱ्या चित्राबद्दल मला फार बोलवत नाही. आबांच्या कापशी वाहाणा. ते गेल्यावर दोन वर्षं त्या उंबऱ्याशी तशाच होत्या, आईनं हलवू दिल्या नाहीत. गेल्या श्रावणात आठ दिवस पावसानं बाहेर पडता आलं नाही, तेव्हा त्यांच्यासमोर बसले. चामड्यात अंगठ्याची जागा काळी पडून खोल गेलेली आहे, डाव्या पायाची जास्त, कारण आबा त्या पायावर भार देऊन चालत. ते मला रंगवतानाच लक्षात आलं. चित्र ११ बाय १५ इंचांचं आहे आणि विकायचं नाही.

चौथं, रंकाळा तलावातला दगडी संध्यामठ. पावसाळ्यात तो अर्धा पाण्यात असतो, उन्हाळ्यात पाणी हटलं की खालचे दगड उघडे पडतात. हे चित्र चार वेळा फसलं. दरवेळी पाणी पाण्यासारखं न दिसता उलटा टांगलेला दुसरा मठ दिसायचा. पाचव्यांदा निघण्याआधी मी टाऊन हॉलच्या संग्रहालयात गेले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या गावात चित्रकाराला विषय शोधायला बाहेर जावं लागत नाही, हे मला सांगणारा माणूस १९३१ साली वारला. अबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकले, तिथे राहून नाव काढता आलं असतं, पण कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. ते कोटितीर्थाच्या, रंकाळ्याच्या काठी जाऊन बसत, आणि तीच ती जागा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात रंगवत राहत. संग्रहालयातल्या त्यांच्या चित्रांत एवढ्याशा कागदावर सकाळ आहे की दिवेलागण हे कळतं. त्यांच्यानंतर बाबूराव पेंटर आणि मग किती जण, त्या परंपरेमुळेच कोल्हापूरला कलापूर म्हणतात. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथली निसर्गचित्रंही जाऊन बघा. सातारा जिल्ह्यात औंधचं भवानी संग्रहालय एका दिवसात होतं. राजा रविवर्मा आणि धुरंधर तिथे मूळ चित्रांत बघायला मिळतात, आणि हेन्री मूरचं शिल्पही आहे. मोबाइलवर शंभर चित्रं सरकवण्यापेक्षा एका मूळ चित्रासमोर अर्धा तास उभं राहा. रंग कुठे वाहिलाय, कुठे कागद सोडलाय, चित्रकाराचा हात कुठे अडखळला आणि त्यानं तो कसा सावरला, ते पडद्यावर दिसत नाही.

तर संध्यामठ. नियम पुस्तकात असतो: गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं उजळ पडतं आणि उजळ वस्तूचं थोडं गडद. मला तो माहीत होता, तरी मी प्रतिबिंब वेगळं, नंतर रंगवत होते. पाचव्यांदा मठ आणि त्याची पाण्यातली सावली एकाच ओल्या वॉशमध्ये वरून खाली ओढत आणली, मधे ब्रश उचललाच नाही. वाळल्यावर कोरड्या ब्रशनं दोन आडव्या रेघा मारल्या, वाऱ्यानं पाणी थरथरतं तेवढ्यापुरत्या. अकरा मिनिटं लागली. आधीच्या चार फसलेल्या चित्रांना एकूण दहा तास लागले होते, आणि ते दहा तास या अकरा मिनिटांच्या खाली आहेत.

शिक्षण घ्यावं का, हाही प्रश्न असतो. घ्यावं, असं माझं मत आहे. शाळेत असाल तर एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा द्या. बारावीनंतर बी.एफ.ए. या कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी असते, तिची तयारी म्हणजे रोजचं स्केचिंग, क्लासच्या नोट्स नव्हेत. मी ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका केली, मग जी.डी. आर्ट ही कलेची सरकारी पदविका. पदवीच्या कागदानं चित्र विकलं जात नाही, कुणी विकत घेताना तो मागतही नाही. पण चार वर्षं रोज सकाळी समोर माणूस बसवून त्याला काढायचं, आणि बरोबरीच्यांनी मुरवत न ठेवता त्यातल्या चुका काढायच्या, ही गोष्ट एकट्याला घरी जमवणं फार अवघड आहे. घरच्यांना पैशाचं विचारायचं असतं, तेही खरं सांगते. पहिली आठ वर्षं माझं घर वर्गांवर चाललं, चित्रांवर नाही. आजही निम्मी मिळकत शिकवण्याची आहे. मला शिकवायला मनापासून आवडतं, म्हणून ते ओझं झालं नाही. ज्याला आवडत नाही त्यानं दुसरी अर्धवेळ नोकरी धरावी, पण रंगाचा रोजचा तास तोडू नये.

प्रदर्शनाची घाई नको. पहिलं प्रदर्शन गावातच करा, आमच्याकडे दसरा चौकात शाहू स्मारक भवनाचं कलादालन आहे. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग असतो, तिथे चित्र पाठवा. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, तिच्या वार्षिक प्रदर्शनात निवड झाली तर उभारी येते. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज करून ठेवा आणि विसरून जा, तिथे नंबर लागायला वर्षं जातात.

फ्रेमबद्दल मात्र कान उघडे ठेवून ऐका. माझ्या पहिल्या प्रदर्शनाची चित्रं मी एका दुकानात फ्रेमला टाकली आणि बघायला गेले नाही. त्यानं माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, न घालता काच थेट कागदावर बसवली. एक पावसाळा गेला आणि सात चित्रांवर तपकिरी ठिपके उठले, दोन काचेला चिकटली, सोडवताना आकाश निघून आलं. तेव्हापासून काच आणि कागद यांच्यात माउंटची फट असल्याशिवाय मी चित्र ताब्यात घेत नाही. मागचा बोर्ड आणि माउंट ॲसिड-फ्री मागते, आणि ओल येणाऱ्या भिंतीवर काहीच टांगत नाही.

आता पाचवं. यानं मला सगळ्यात जास्त शिकवलं.

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. आमच्या पेठेत हे आकडे लहान पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते आकडे कुठल्या कुठे मागे पडले. आमच्या गल्लीत पाणी आलं, खालच्या घरांत छातीपर्यंत चढलं. ओसरल्यावर प्रत्येक भिंतीवर एक तपकिरी रेघ राहिली, पट्टीनं आखल्यासारखी आडवी, सरळ. खाली गाळाचा रंग, वर घराचा. पुढे २०२१ ला पुन्हा पाणी आलं. लोकांनी हळूहळू भिंती धुतल्या, रंगवल्या. समोरच्या काकूंनी मात्र त्यांच्या बोळातली एक भिंत तशीच ठेवली होती. मी रोज तिच्यावरून जायचे. ते चित्र आहे हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

ते कळलं एका अपघातानं. वर्गात वॉश शिकवताना अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचं पातळ पाणी कागदावर सोडलं आणि फळी तिरकी ठेवून मुलांच्या शंकांमध्ये अडकले. परत बघितलं तर रंगाचे कण खाली ओघळून कागदाच्या खळग्यांत बसले होते, आणि जिथे पाणी थांबलं तिथे एक बारीक गडद कड. हुबेहूब ती भिंत. गाळ असाच बसला होता, वजनानं, सावकाश, कुणी न आखता. मग ती रेघ ब्रशनं कशाला काढायची?

मी फळी उभी केली, कागदाचा खालचा दोन तृतीयांश भाग भिजवला, त्यात रंगाचं गढूळ पाणी ओतलं आणि पंखा बंद करून बसून राहिले. दीड तास हात लावला नाही. वाळल्यावर रेघ आपली आपण उमटली होती. वरच्या भागात फक्त फिकट निळसर चुना, एक खुंटी, आणि खुंटीला अडकवलेली कापडी पिशवी. चित्रात पाणी नाही, माणूस नाही. हे मी सांगितल्याशिवाय पुराचं चित्र आहे हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला कळेल की नाही याची मला धास्ती होती. पण आमच्या पेठेतला जो तो त्याच्यासमोर येऊन गप्प उभा राहायचा.

गेल्या दिवाळीत काकूंच्या लेकानं ती भिंत रंगवून घेतली, नातवाचं लग्न ठरलं होतं. रंगाऱ्यानं खरवडून पुट्टी मारली. आता तिथे आकाशी ऑइलपेंट आहे.

परवा काकू चित्र बघायला आल्या. चष्मा पुसून घातला, जवळ गेल्या. खुंटीपासून खाली वीतभर मोजली आणि रेघेच्या थोडं वर बोट टेकवलं. "इथं होती बघ. त्या दिवशी ह्यांचा फोटो मी ह्या खुंटीवरनं उचलला न्हवं, तवा पाणी इथं लागलं होतं." मी म्हटलं, काकू, मी भिंत बघून काढलंय. त्या म्हणाल्या, "तू वाळलेली बघितलीस."

त्या गेल्यावर जुनी वही काढली. दोन वर्षांपूर्वीचं पेन्सिलीचं एक स्केच होतं, भिंतीवर माप घेऊन केलेलं. खुंटीपासून रेघेपर्यंतचं अंतर तिथे लिहिलेलं होतं. चित्रात रेघ दोन बोटं खाली उतरली आहे.

नवा कागद ताणून फळीवर लावला आहे. उद्या सकाळी पंखा बंद करून पुन्हा बसणार.